विटांवरची खुर्ची

वसमतला बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत आमचं कॉलेज होतं. पाटी मात्र एवढी लांबलचक, की ‘व्यवसाय शिक्षण महाविद्यालय’ वाचता वाचता माणूस जिन्याला ठेचकाळायचा. वर शिलाई मशिनं, एक कुरकुरणारा पंखा आणि शिकवायला मी एकटी. बॅच वीस जणींची भरली तरच मान्यता, नाहीतर वर्ग बंद आणि मी घरी. त्या वर्षी जुलै उजाडला तरी गाडं अठरावर अडलं होतं.

त्या अठरा जणींत मोहल्ल्यातल्या पोरी होत्या, तांड्यावरच्या होत्या, शेतकऱ्यांच्या होत्या, नवऱ्याशी भांडून माहेरी आलेलीही एक होती. आमचे संस्थाचालक पाहुण्यांपुढे याला ‘सर्वसमावेशक प्रवेश’ म्हणायचे. खरं तर जी जिना चढून येईल तिला मी पदरात घेत होते.

अशात कुरुंद्याहून एक सासू-सून आल्या. सुनेला माहेराहून शिलाई मशीन मिळालं होतं. सासरी त्यावर पिठाचा डबा ठेवत. तिला ते मशीन चालवायचं होतं, एवढं ती पदर सावरत, खाली बघत, पण अगदी ठामपणे बोलली. फी माफ होती, जीपचं भाडं मात्र ज्याचं त्यानं द्यायचं. सुनेला एकटीला तालुक्याला धाडायची त्यांच्यात रीत नव्हती, म्हणून सासू रोज सोबत येणार होती. हेच तिला डाचत होतं.

“भाडं दोघीचं अन् शिकनार एकटी. ह्यो कुठला हिशेब, बाई?”

मी लगेच म्हटलं, मग तुम्हीही नाव घाला, वयाची अट नाही. तिनं माझ्याकडे, मग सुनेकडे पाहिलं. भाडं वाया जाणं तिला मरणाहून वाईट वाटत असावं. तिनं सही ठोकली आणि माझी नोकरी वाचली. निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासू खुर्चीवर बसली आणि सून मशीनशी कंबरेत वाकून उभी राहिली. बस म्हटलं तर मान हलवायची. सासूच्या बराबरीनं सुनेनं बसायचं नाही, असा त्या घरचा कायदा. आता शिलाई मशीन काही उभ्यानं चालत नाही. दोन दिवस ती एका पायावर पायडल मारत होती. तिची शिवण पाहून मला रडू यायचं आणि तिची कंबर पाहून राग.

शेवटी शेजारच्या बांधकामावरून विटा आणल्या, सासूची खुर्ची त्यावर चढवली आणि सुनेला म्हटलं, आता तर तू खाली आहेस ना? तिनं क्षणभर अंदाज घेतला आणि स्टुलावर टेकली.

सासूबाई मात्र तिथून सगळ्या वर्गावर राज्य करू लागल्या. कुणाच्या ब्लाउजचा गळा किती खोल, कोण शिवायचं सोडून मोबाइल बघते, सगळं वरून दिसायचं. मोहल्ल्यातल्या पोरी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या आणि डब्यातलं लोणचं वर पोचवायच्या. स्वतः त्या शिवायच्या फक्त सून हंड्यावर पाणी प्यायला गेली की. तेवढ्यात खाली उतरायचं, स्टुलावर बसून चार टाके घालायचे आणि ती यायच्या आत परत सिंहासनावर. मी पाहिलं न पाहिलं करायची.

मग नांदेडहून तपासणीचे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी विटांवरच्या खुर्चीला वाकून नमस्कार केला. संस्थाचालकांच्या मातोश्री वाटल्या असणार. सासूबाईंनीही तो हक्कानं घेतला. पण मी हजेरी घेतली आणि वरून “हजर” ऐकू आलं, तसा साहेबांचा चेहरा उतरला.

कागदावरच्या विद्यार्थिनी आपण पुष्कळ पाहिल्यात, असं ते म्हणाले. आजींनी एक शिवण घालून दाखवावी, नाहीतर बॅच अपुरी धरू. खुर्चीवरून पायडल गाठणं शक्य नव्हतं, आणि रिकामं मशीन एकच होतं, सुनेच्या शेजारचं.

सासूबाई सावकाश उतरल्या आणि त्या मशीनच्या स्टुलावर बसल्या. त्याबरोबर सून चटका बसल्यासारखी उठून उभी राहिली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. आता दोघींची नावं जाणार, या विचारानं मी पंख्याकडे बघत उभी राहिले.

“बस,” सासूबाई म्हणाल्या.

सून हलेना. तिचे डोळे भरून आले होते.

“बस म्हन्ले ना. मला सुई दिसंना, तू उभी राहून ओवनार हाईस का? इथं आपून दोगी बी शिकाय आलोत.”

सून बसली. स्टुलाच्या कडेला बसली, पण बसली. तिनं सुई ओवून दिली आणि सासूबाईंनी शिवण घातली. नवशिक्यानं पहिल्यांदा पेरणीची पाभर धरावी तशी ती वाकडी गेली, पण शेवटापर्यंत गेली. साहेबांनी ती चिंधी उलटसुलट पाहिली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन विटा नीट रचल्या, वर खुर्ची ठेवली. सासूबाई आल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि सरळ सुनेच्या शेजारच्या स्टुलाकडे गेल्या.

“त्या विटा हंड्याखाली लावा, बाई,” त्या म्हणाल्या. “तितून शिवता येत न्हाई.”