सुभेदारांच्या एफडी आणि अमेरिकेचा टॅक्स

“मॅडम, बाबांच्या एफडींवर माझं नाव आहे?” अजितनं अमेरिकेतून फोनवर विचारलं.

“आहे की. सगळ्यांवर,” मी म्हटलं.

तो म्हणाला, “इथल्या रिटर्नमध्ये भारतात एकही खातं नाही, असं मी दरवर्षी लिहून देतोय.”

अजित म्हणजे फलटणच्या एका निवृत्त सुभेदारांचा मुलगा. मी साताऱ्यात बावीस वर्षं टॅक्सची प्रॅक्टिस करते. सुभेदार माझे जुने क्लायंट. बायको गेल्यापासून पेन्शन नाहीतर उसाचं बिल, काहीही उरलं की ते एफडी करायचे आणि दुसरं नाव अजितचं लावायचे. तो सुट्टीवर आला की फॉर्मचा गठ्ठा पुढे ठेवायचे. बाप सांगेल तिथे सही करायची, कशाची ते विचारायचं नाही, ही आपल्याकडची रीतच.

आपल्या कायद्यात त्यानं काही बिघडत नाही. पैसे ज्याचे, त्यानं व्याजावर टॅक्स भरायचा. दुसरं नाव नुसतं सोयीचं. अमेरिकेत मात्र ठरावीक रकमेच्या वर गेलं की, जगात कुठेही आपलं नाव असलेलं खातं सरकारला कळवावंच लागतं. पैसे बापाचे का असेनात. नाहीतर दंड.

सुभेदारांची मुलगी इंग्लंडला नर्स आहे. तिचा टॅक्स पगारातच कापतात. रिटर्न कसं असतं ते तिनं पाहिलेलंसुद्धा नाही. इथे आपण अडकलेल्या पोर्टलसमोर ओटीपीची वाट बघत बसतो. “सुभेदार, पोरीचा देश शहाणा!” असं मी त्यांना हसून म्हणायचे. दोन देशांचं ऐकून मला सगळं जग कळल्यासारखं झालं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

कारण अजितचं नाव लावताना सुभेदारांनी मला विचारलं होतं. अगदी सरळ. “आवं मॅडम, पोराला तिकडं काय सांगायला लागंल का?” मी मान वर न करता म्हटलं, “तुमचे पैसे, तुमचा टॅक्स. तिकडचा काय संबंध?” ते वाक्य आजही मला टोचतं.

अजितनं वकील गाठला, मागच्या वर्षांची रिटर्न पुन्हा भरली. दंड भरून सुटला. पण त्या खर्चात त्याचं गावी येणं राहिलं, आणि वडिलांशी बोलणंही तुटक झालं. “मला न विचारता माझं नाव लावलंत,” एवढं तो त्यांना म्हणाला. चूक माझी होती, हे मी त्याला फोन करून सांगितलं. तोवर उशीर झाला होता.

नाव काढायला मी सुभेदारांबरोबर बँकेत गेले. मला त्यांच्याशी चार शब्द बोलायचे होते, पण जमेना. शेवटी म्हटलं, “माझं चुकलं, सुभेदार.”

“न्हाई वो. तुमी कशाला? मला वाटलं, माझ्या मागं पैशासाठी पोराला धावाधाव नको.”

माहीत नसेल तेव्हा ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणावं, एवढं मी यातून शिकले. बावीस वर्षांत ते जमलं नव्हतं.

काउंटरवरच्या मुलीनं नवा फॉर्म पुढे केला. “काका, दुसरं नाव कुणाचं लिहू?”

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. “ऱ्हाऊ द्या मोकळंच,” म्हणाले.