वैशाखातली अंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं, पण ती हे घडायच्या आधीच गेली. मुलगा फोनवर तब्येत विचारतो, त्यापुढे बोलणं सरकत नाही. तेव्हा तुम्हालाच सांगतो. गोष्ट झिंग्यांची आहे. हसा — निम्म्यापर्यंत हसण्यासारखीच आहे.

निवृत्त झाल्यावर मी पुण्याजवळच्या भरे गावात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि काचेच्या टाक्यांत गोड्या पाण्यातले लाल झिंगे पाळायला लागलो. नखाएवढा जीव. दर रविवारी भिंग घेऊन बसायचं, पोटाखाली अंडी धरलेल्या माद्या मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. एवढाच माझा उद्योग. यात खोटं बोलायला जागा तरी कुठे आहे? मी ती काढली.

झिंग्यांचं वेळापत्रक साधं असतं. पाणी जरा गार झालं की मादी कात टाकते, नर सैरावैरा धावतात, आणि दोन दिवसांत तिच्या पोटाखाली मोहरीसारखा पिवळा घोस दिसतो. आमच्याकडे गणपतीपासून दिवाळीपर्यंत भर. पौषात गारठ्याने मंदावतात, फाल्गुनात पुन्हा थोडी हालचाल. आणि चैत्र-वैशाखात? काही नाही. पाणी तापतं, त्यातली हवा कमी होते, मादी अंडी झाडून टाकते. फारच तापलं तर मरते. हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. रविवारमागून रविवार वहीत शून्य लिहिलं होतं मी.

भूगावला एका फ्लॅटमध्ये आमची सात-आठ जणांची बैठक असायची. सगळे झिंगेवाले, सगळे तिशीतले, हिंजवडीत कामाला. लॅपटॉपवर तक्ते काढायचे. एकदा जवळच्याच चांदे गावातला एक जण वैतागून म्हणाला, "काका, उन्हाळ्यात माझ्याकडे एक फीमेल अंडी धरत नाही. तुमच्याकडे काय सीन आहे?"

"माझ्याकडे बाराही महिने चालू असतं," मी म्हणालो.

का म्हणालो? कारण शोधायला लागलो की सबब सापडते, म्हणून शोधत नाही. म्हणालो, एवढं खरं.

मग त्यांना वही बघायची होती. मी जुनी शून्यं खोडली नाहीत — सरळ नवी वही केली आणि सगळं पुन्हा लिहून काढलं, वैशाखात नऊ, दहा, चौदा असे आकडे घालून. मग त्यांना टाक्या बघायच्या होत्या. म्हणून मी बसने पुण्याला गेलो. तिथे एका दुकानात एसीखाली टाक्या असतात. तिथून अंडी धरलेल्या माद्या पिशवीत घेऊन आलो, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून. सत्तरीच्या घरातला माणूस बसमध्ये कोथिंबिरीखाली गरोदर झिंगे लपवतोय — काय म्हणावं याला? आणि हे एकदा नाही. तीन उन्हाळे. मंडळी येत, फोटो काढत, "काका म्हणजे काकाच," म्हणत. आणि मला ते आवडत होतं, हेही लिहून ठेवतो.

इथपर्यंत झाली हसण्याची गोष्ट.

खाली घरमालकीण राहते, सुनंदा. नवरा पिरंगुटला कंपनीत, शेत तिच्याच अंगावर. तिला माझ्या टाक्यांचं वेड लागलं. वर यायची, भिंग मागायची, माझ्याआधी तिला मादी दिसायची. एका माघात म्हणाली, "काका, मागच्या पत्र्याच्या खोलीत टाक्या मांडू का? आजवर माझं म्हणून कायच न्हाई. भात त्यांचं, म्हशी सासूच्या." आणि मग तिनेच नेमकं विचारलं, "पर पत्रा लई तापतुया. उन्हाळ्यात जमंल का? का पावसाळ्यापतुर थांबू?"

थांब — एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्याऐवजी मी वही काढली आणि वैशाखातले चौदा दाखवले.

"तुमी लिवलंय म्हंजी खरंच आसंल," ती म्हणाली.

तिने चार टाक्या मांडल्या. माझ्यापेक्षा स्वच्छ. फाल्गुनात अंडी धरली, पिल्लं झाली, आख्ख्या आळीला बोलावून दाखवली. चैत्र उलटला आणि पत्रा तापायला लागला. आधी तळाशी झाडलेली अंडी दिसली, मग माद्या. शेवटी एका दुपारी ती स्टीलच्या वाटीत सगळे घेऊन वर आली. मेले की झिंगे गुलाबी, अपारदर्शक होतात, शिजवल्यासारखे. शिजलेच होते ते. मी सकाळीच खाली तिच्या टाकीत हात घालून आलो होतो, पाणी किती तापलंय मला माहीत होतं.

"माझं काय चुकलं, काका?"

बघा, अजून वेळ होती. मी काय विचारलं? हाताला साबण होता का, म्हशीजवळून तशीच आलीस का. ती आठवून आठवून उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तरातून निर्दोष सुटत होती. त्याने मी चिडलो — तिच्यावर! आणि म्हणालो, "झिंग्यांना हात मानवावा लागतो, सुनंदा. सगळ्यांचाच मानवतो असं नाही."

असलं काही नसतं. झिंग्याला हात कळत नाही, पाणी कळतं. हे वाक्य मी त्या क्षणी तयार केलं, आणि तिने ते ठेवून घेतलं.

तिच्या जाऊबाईंनी अंगणातून टोमणा मारला, "सुकवून तरी ठिवायची, कालवणाला झाली असती!" सुनंदाही हसली. "माझा हातच वंगाळ, बाई." मला वाटलं, झालं, विषय संपला. पण त्या वर्षी लोणच्याला तिने हात लावला नाही, सासूला बसवलं. मग दाराशी लिंबाचं रोप लावायचं होतं, ते नवऱ्याकडून लावून घेतलं. दर वेळी तोच शब्द, हसत हसत — हात. मी वरून ऐकत होतो. सहा वर्षं ऐकतो आहे.

आज मी नव्या वहीतली चैत्र-वैशाखाची सगळी पानं लाल शाईने खोडली आणि प्रत्येकावर 'खोटं' असं लिहिलं. बैठकीतल्या मंडळींना तसं कळवलंही, फक्त आकड्यांबद्दल. ते सोपं होतं. हे लिहून झालं की खाली जाऊन सुनंदाला वाचून दाखवायचं आहे. त्यात पुढचाही भाग आहे.

यंदा राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, भाताचं बी टाकायचं होतं. घरामागेच राब भाजलेला, मी गॅलरीत उभा. सुनंदाने पाटीभर बी उचलून आणलं, बांधापर्यंत आली, आणि पाटी जावेपुढे धरली. "तुमी टाका, जाऊबाई. माझा हात नगं."

जाऊबाई वैतागल्या. "आगं, किती वर्सं धरून बसशील? झिंगंच मेलं व्हतं ना, मानसं न्हाई!"

"मी न्हाई म्हनत वो. काका सोता म्हनलं व्हतं." तिने मान वर केली, मला पाहिलं आणि हसली. "व्हय ना वो, काका?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मागे म्हैस ओरडत होती, घाई कुणालाच नव्हती. मी कठडा धरला आणि मान हलवली. होय, अशी.

जाऊबाईंनी पाटी घेतली.