बिनमार्कांचा वर्ग

आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी मी एकटीच बाई, त्यामुळे ज्या कामाला कुणी हात लावत नसे ते फिरून फिरून माझ्याच टेबलावर यायचं. हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कॉलेजनं मोठ्या माणसांसाठी वर्ग काढायचं ठरवलं. परीक्षा नाही, मार्क नाहीत, प्रमाणपत्र तर नाहीच. एक सर म्हणाले, "मग येणार कोण शिकायला?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. झालं! बळीची बकरी ठरली.

गोरेगावपर्यंत जीप आणि पुढं बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत आपले दोन पाय. दुपारी समाजमंदिरात वर्ग. पहिल्या दिवशी मी, एक फळा आणि एक शेळी, एवढीच हजेरी. दुसऱ्या दिवशी तांड्याचा नाईक, म्हणजे तिथला मुख्य माणूस, पागोटं सावरत आला, पुढं बसला आणि म्हणाला, "आमी बसलो की समदे येतेत." खरंच आले हो! चौथ्या दिवशी सतरंजी पुरेना.

त्यातच नाईकाची सून. ओढणी पार हनुवटीपर्यंत ओढलेली, कोपऱ्यात अर्धी भिंतीकडं वळून बसायची. पाटीवर अक्षर सुरेख, पण काही विचारलं की तोंडातून शब्द नाही. मी मुळात तापट. तिसऱ्या खेपेला म्हणालेच, "अगं बोल की! दातखीळ बसली का?" शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "बाई, सासऱ्याम्होरं सून कशी बोलंल?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जन्म हिंगोलीत गेला, तांडा हाकेच्या अंतरावर, आणि मला एवढं ठाऊक नसावं! इथल्या घरात सून सासऱ्याला तोंड दाखवत नाही, त्याच्या समोर आवाज काढत नाही. आणि मी दोघांना एका खोलीत कोंबून तोंडी उत्तरं मागत होते.

नाईक उठला. मला वाटलं, गेला वर्ग. पण त्यानं आपली पाटी उचलली, बाहेर ओट्यावर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसला आणि तिथूनच ओरडला, "शिकवा तुमी. मी काय ऐकून राहिलो न्हाई." तेव्हापासून तो रोज तिथंच. मी आधी त्याच्या पाटीवर धडा काढून द्यायची, मग आत जायची. ऊन आलं की तो सरकायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. इकडं सुनेचा आवाज जो फुटला तो असा, की तिला थांबवावं लागायचं.

तिला घाई होती. का, ते तिनंच एकदा हापशावर मला पाणी देताना सांगितलं. नवरा पुण्याला बांधकामावर. सातवी शिकलेला, महिन्याला बापाच्या नावानं पत्र टाकायचा. नाईक ते गोरेगावच्या दुकानदाराकडं न्यायचा आणि दुकानदार गिऱ्हाईक करता करता मोठ्यानं वाचायचा. "चार लोकांत वाचनार म्हनल्यावर माझ्यासाठी काय लिवंल, बाई? बैलाची तब्येत इचारतो. माझी न्हाई."

मी हसले. ती हसली नाही. "मला त्याला लिवायचं हाय," ती म्हणाली, "की मला लिव म्हनून." फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिला पत्रच शिकवलं.

संक्रांत झाल्यावर तिनं पत्र लिहिलं. आंतरदेशीय मीच आणून दिलं होतं. म्हटलं, "दे, चुका बघते." तर तिनं ते छातीशी धरलं. "ऱ्हाऊ द्या चुका." आता हे कुठल्या मास्तरणीला ऐकवेल? पण तसंच नेऊन गोरेगावच्या पेटीत टाकून आले. मग रोज ती माझ्या तोंडाकडं बघायची. "मी काय पोस्टमन आहे का गं?" असं म्हणायची मी, आणि स्वतःच दारातून सायकल दिसते का ते बघायची.

नाईकाचंही बरं चाललं होतं. एकदा भज्यांच्या पुड्याचा कागद त्यानं जाहिरातींसकट मला घडाघडा वाचून दाखवला. मूठभर मांस चढलं मला.

पोस्टमन आला तो नेमका वर्गाच्या वेळी. नेहमीसारखं पत्र त्यानं ओट्यावर नाईकाच्या हातात दिलं. दारातून मला दिसत होतं. नाईकानं पत्र लांब धरलं, जवळ धरलं. पत्त्याच्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. मग हाक मारली, "बाई, हे कोनाचं हाय बघा बरं. मला कुठं वाचता येतंय."

माझं टाळकंच सटकलं! "आठ महिने घसा कोरडा केला मी, आणि वाचता येत नाही म्हणता?" म्हणत बाहेर गेले आणि पत्र जवळजवळ ओढूनच घेतलं. वर सुनेचं नाव होतं. तिच्या एकटीचं.

नाईक रस्त्याकडं बघत होता. "घरात आलेलं पत्र आमीच फोडायचं, अशी रीत हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "पन वाचताच येत नसंल, तर मानूस काय करनार?"

मी आत जाऊन पत्र सुनेच्या हातात दिलं. ती वर्ग सोडून समाजमंदिराच्या मागं गेली, आणि त्या दिवशी परत आलीच नाही.

मार्चमध्ये कॉलेजनं अहवाल मागितला. कितीजण वाचायला शिकले, कितीजण राहिले. राहिलेल्यांत मी एकच नाव लिहिलं, नाईकाचं, आणि खाली सही ठोकली.