लॅपटॉपचा पंखा आणि ह्यांचा कान

आमच्या ह्यांना सगळा बाजार ‘डॉक्टर’ म्हणतो. काम म्हणाल तर एका खोलीच्या दुकानात जळालेल्या मोटारींची तार सोडवून नवी गुंडाळायची, म्हणजे वाइंडिंग करायचं. पंप, पंखे, मिक्सर, लिफ्ट, काहीही आणा. आधी हे मोटार चालू करतात, तिच्या पाठीवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवतात, मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग निकाल: “बेअरिंग गेलंय.” किंवा, “हिला काही झालेलं नाही. तुम्ही हिला नीट वागवत नाही.”

निकाल सहसा चुकत नाही. त्यामुळे ह्यांना त्या कानाचा भारी अभिमान. कुणाकडे जेवायला गेलो तरी पानावर बसायच्या आधी हे त्यांच्या फ्रिजला कान लावणार आणि यजमानाचा चेहरा उतरवून येणार. “हा कान आहे तोवर आपलं घर चालतंय,” हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. ते खरंही होतं, म्हणून मी फार बोलायची नाही.

बोलून तरी काय उपयोग? सगळ्या बाजाराची कुरकुर ऐकणारा हा कान माझ्यापुढे मात्र झोपलेला. माझा आवाज मुळातच बारीक, टाचणीसारखा. “अहो, बाथरूमचा दिवा बंद करत जा,” हे मी किती वर्षं म्हणत होते ते आता आठवतही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांच्या भावाने बाहेरच्या खोलीतून हाक मारली की लगेच ‘ओ’, आणि मी शेजारी बसून बोलले तर भिंत बरी. नवरा म्हणजे असायचाच असा, असं समजून मी आवाज चढवायची. चढवला की तो आणखीच बारीक व्हायचा.

तर अशा घरात आमच्या लेकीला लॅपटॉप हवा झाला, आणि तोही गेमिंगचा. ती गेम बनवायचं शिकते. खेळायचं नव्हे, बनवायचं. हा फरक तिने मला इतक्यांदा सांगितलाय की मी आता तो पाहुण्यांना समजावते. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तिचं काम उघडेपर्यंत माझा स्वयंपाक आटपायचा. ह्यांनी रक्कम ठरवून दिली आणि त्यावर एक पैसाही मिळणार नाही असं बजावलं.

मग रोज जेवताना लेकीचं सुरू. “ग्राफिक्स कार्ड दमदार घ्यावं तर स्क्रीन फिकी. स्क्रीन चांगली बघावी तर कार्ड मरतुकडं. दोन्ही बरं असलं तर बॅटरी चहा होईस्तोवर टिकत नाही. हलका घ्यावा तर तापतो, आणि न तापणारा विटेसारखा जड.”

“तू लॅपटॉप बघतेयस की स्थळं?” मी म्हटलं.

“स्थळं बरी, आई. ती निदान परत करता येतात. शेवटी एकच उरलाय. कार्ड मस्त, बाकी सगळं जेमतेम. फक्त त्याचा पंखा...”

ह्यांचा घास हातातच राहिला. “लॅपटॉपला पंखा असतो?”

“दोन असतात, बाबा. तापला की गरगर फिरतात.”

“म्हणजे मोटार आली,” हे खुर्चीत सरसावून बसले. “मग निवड मी करणार. ज्याचा पंखा रडतो ती वस्तू टिकत नाही. रडका निघाला तर मी पैसे देणार नाही.”

लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण त्या लॅपटॉपचा पंखा नुसता रडका नव्हता, तो छाती पिटून रडतो अशी त्याची ख्याती होती. आणि ठरलेल्या पैशात तिचं काम झेपणारा तेवढा एकच. तो हातचा गेला तर वर्षभर जुन्या डबड्यावर रखडायचं. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, बाबा पंखा ऐकत असतील तेव्हा तू खोकत राहा.”

“किती वेळ?”

“घसा बसेपर्यंत.”

दुकानात गेल्या गेल्या ह्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दुकानदाराने लॅपटॉप उचलून पोटाशीच धरला. “अहो काका, नवा आहे! ह्याला काही टोचायचं नाही!”

“टोचत नाही हो, तपासतोय.”

“नाही म्हणजे नाही.”

बरीच बाचाबाची होऊन स्क्रूड्रायव्हर परत खिशात गेला. नुसत्या कानाने ऐकायचं ठरलं. लेकीने लॅपटॉपवर एक भारी गेम लावला. आधी काहीच नाही. मग पंख्यांनी हळूहळू सूर धरला आणि बघता बघता अशी बारीक, कर्कश शीळ लागली की पलीकडे मोबाइल बघणारा माणूस वळून बघायला लागला. दुकानदाराने माफी मागायला तोंड उघडलं. मी ठरल्याप्रमाणे खोकायला लागले, पण त्या शिळेपुढे माझ्या खोकल्याची मात्रा काय चालणार?

हे वाकले. कान अगदी कळफलकाजवळ नेला. डोळे मिटले.

“वा! लोण्यासारखा चालतोय. आवाजच नाही,” ते म्हणाले.

दुकानदाराने तोंड मिटून घेतलं. लेक आधी हसली. मग तिचं हसू गेलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं. माझा खोकला आपोआप थांबला होता. दाराची घंटा ह्यांना कधीच ऐकू येत नाही, भावाचा जाडा आवाज तेवढा येतो, आणि मी... ह्या माणसाशी मी इतकी वर्षं भांडत होते, आणि त्याला भांडण ऐकूच येत नव्हतं.

“बाबा, अजून एखादा बघू या का?” लेक म्हणाली. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टाकत होती तो लॅपटॉप ती सोडायला निघाली होती.

“कशाला? माझ्या कानाला पटलाय,” हे म्हणाले आणि पैसे देऊन मोकळे झाले.

लॅपटॉप घरी आला. लेक जेवणाच्या टेबलावर काम करायला बसली की मी स्वयंपाकघरात पळायची. हे मात्र चहाचा कप घेऊन तिच्या शेजारी निवांत. “बघ, कसा गुणी आहे,” म्हणायचे. आम्ही दोघी माना डोलवायचो. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

ती वरच्या मजल्यावरच्या बाईंनी येऊन बांधली. “तुमच्याकडे हल्ली काय गिरमिट चालतं का हो? बाळ झोपत नाही.”

“आमच्याकडे? छे!” म्हणून ह्यांनी दार लावलं. पण माणूस हाडाचा डॉक्टर. परत येऊन लॅपटॉपकडे बघत राहिले. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक लॅपटॉपच्या पाठीला टेकवलं, मूठ कानामागे धरली.

“अगं, हा तर बोंबलतोय!”

स्क्रूड्रायव्हर काढून नुसता कान लावला. पुन्हा स्क्रूड्रायव्हर. पुन्हा कान. लेकीने कळांवरून हात काढून घेतले. मला ह्यांच्याकडे बघवेना.

शेवटी हे, आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला निकाल देतात त्या आवाजात म्हणाले, “मोटारीला काही झालेलं नाही. माझंच वाइंडिंग जळालंय.”

त्यावर हसायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले.

“दुकानातच कळलं होतं तुला?” ह्यांनी लेकीला विचारलं.

“हो.”

“तरी दुसरा बघू म्हणालीस? वेडी कुठली. कार्ड ह्याचंच चांगलं ना?” तिने होकारार्थी मान हलवली. हे स्क्रूड्रायव्हर हातात फिरवत बसले. “मोटारी जाड्या आवाजाच्या, त्या कळतात. शिवाय हाडाला लावलं की उरलेलं हातालाही कळतं. धंद्याचं बघू. बारीक तेवढं गेलंय,” असं म्हणता म्हणता ते थांबले आणि माझ्याकडे वळले. “म्हणजे तू...”

मी टेबलावरची नसलेली धूळ पुसायला लागले.

ह्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या हाताशेजारी टेबलावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

“बोल. इतकी वर्षं काय काय म्हणत होतीस?”

केवढं साठलं होतं माझ्याकडे! ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना. घसा खाकरून मी जमेल तेवढा जाडा आवाज काढला.

“बाथरूमचा दिवा बंद करत जा.”

“एवढंच होय?” म्हणत ते उठले आणि दिवा बंद करून आले. मग परत खुर्चीत बसले, मूठ कानामागे नीट धरली.

“हं. आता पुढचं सांग.”