अर्धाच धवला

माझ्या धाकट्या दिराने बँड काढलाय. पोस्ट-रॉक म्हणे. म्हणजे शब्द नाहीत, गाणारा नाही. गिटारी नुसत्या घुमत राहतात आणि ऐकणाऱ्याने काहीतरी थोर चाललंय असा चेहरा करून बसायचं. पहिल्या अल्बमला बँडचंच नाव दिलंय. दुसरं सुचलं नसणार, पण विचारलं तर म्हणतो, "वहिनी, ते स्टेटमेंट असतं." डोंबलाचं स्टेटमेंट.

माझ्या सासूबाई धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणत एकेका देवाला नावानिशी मांडवात बोलवायचं आणि लग्न लागलं की तसंच मानाने परत पोचवायचं, हे त्यांचं काम. गाव सोडून आम्ही कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर हाच दीर मित्रांना "आई हाउसवाइफ आहे" म्हणून सांगायचा. अल्बमला काहीतरी हवं झालं, तेव्हा आईचा आवाज एकदम ‘रॉ’ वाटायला लागला.

उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या स्टुडिओत मी त्यांना घेऊन गेले. "लगीन कुनाचं हाय?" त्यांनी विचारलं. बँडवाले फिदीफिदी हसले. मांडव नाही, नवरी नाही, तरी पोटच्या पोराने मागितलं म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि देवांना बोलवायला लागल्या. निम्मे देवही झाले नसतील, तोच काचेपलीकडून हा म्हणतो, "बस आई, एवढं पुरे. हेच लूप करू."

"आरं, देव आलं. त्यांना परत कोन पोचवील?"

"एडिटमध्ये बघू."

अक्कल गहाण टाकलेली. घरी येऊन सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढे एकटीने उरलेला धवला पुरा केला. मला वाटलं, मिटलं.

अल्बम आल्यावर मी मोबाइलवर लावून दाखवला. त्या गोंगाटात त्यांचं बोलावणं पुन्हा पुन्हा घुमत होतं, नुसतं बोलावणं. नाव त्यांचं कुठेच नव्हतं. मला त्याचाच संताप आला, त्यांना त्याचं काही नव्हतं.

"ह्ये लोक कवाबी लावतान?"

हो म्हटलं. "म्हंजे देवांना रोज फुकटचं बोलावनं," त्या म्हणाल्या. मी दिराला फोन करून तेवढं काढून टाकायला सांगितलं, तर म्हणतो, "वहिनी, तोच तर क्लायमॅक्स आहे."

परवा शेजारच्या गावातली माणसं मुलीच्या लग्नात धवला म्हणायचं आमंत्रण म्हणून नारळ घेऊन आली. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, मुलीची चौकशी केली. नारळ मात्र घेतला नाही.

"दुसरी बघा," म्हणाल्या. "माझ्या बोलावन्याला आता देव येनार नाय."