काकूंच्या लॅपटॉपवरचं अर्धं पेज

भूत, संकेत, पूर्वसूचना... असल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. मी वेबसाइट बनवते. काही बिघडलं तर त्याला कारण असतं, आणि नीट शोधलं की ते सापडतं — याच भरवशावर माझं पोट चालतं. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस धजावत नव्हते.

मी कारंजा लाडला राहते, घरूनच काम करते. कामरगावच्या एका महिला बचत गटाला मी पेज बनवून दिलं होतं. पापड, कुरड्या, शेवयांचे फोटो आणि खाली ऑर्डरची सोय, एवढंच. ते सांभाळतात निर्मलाकाकू. काका वारले, मुलगी पुण्याला... घरात एकट्याच असतात.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला.

"पोरी, पेजची डावी बाजू गायब झाली. अर्धंच दिसून राह्यलं मले."

माझ्याकडे पेज व्यवस्थित होतं. गटातल्या दुसऱ्या ताईंना विचारलं, त्यांच्या मोबाइलवरही नीट. म्हणजे घोळ फक्त काकूंच्या ब्राउझरचा. मी एकेक सांगत गेले — रिफ्रेश करा, कॅशे साफ करा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "तसंच हाय."

शेवटी स्क्रीन शेअर करायला लावलं. आणि खरंच... डावा अर्धा भाग पांढराफेक! शेवयांचा फोटो मधोमध कापल्यासारखा. नागपूरच्या माझ्या सहकाऱ्यालाही जोडून घेतलं, त्यालाही तसंच दिसलं. कोड तपासला, त्यात काहीच सापडेना.

एरवी मी "उद्या बघते" म्हणून फोन ठेवला असता. त्या दिवशी बसवेना. का, ते विचारू नका. स्कूटी काढली आणि सरळ कामरगाव गाठलं.

काकू खाटेवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला टेकले, स्क्रीनकडे पाहिलं — पेज पूर्ण! कोपऱ्यातल्या गटाच्या नावासकट.

"काकू, आता तर पूर्ण दिसतंय."

"कुठं पूर्ण? अर्धंच तं हाय." आणि हे त्या उजवीकडे, भिंतीकडे बघून बोलत होत्या.

"काकू, मी इकडं आहे."

मान पार वळवली तेव्हा कुठे मी त्यांना सापडले. डाव्या हाताशी चहाचा कप लवंडलेला होता, पदर ओला झाला होता, त्याचाही त्यांना पत्ता नव्हता. मी तशीच बाहेर धावले आणि हाक मारली.

शेजारच्या सुनीलभाऊंनी गाडी काढली. "मले काही झालं नाही वो, कायले नेता?" असं काकू अमरावतीपर्यंत म्हणत होत्या. दवाखान्यात लगेच तपासण्या झाल्या. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली होती, म्हणून डावीकडचं दिसेना. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आलं नसतं."

मी डॉक्टरांना स्क्रीन शेअरचंही सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना अर्धं का दिसलं, ते मी सांगू शकतो. तुम्हाला का दिसलं, ते नाही."

मलाही नाही सांगता येत. मी आणि माझ्या सहकाऱ्यानं नंतर सगळं उलटसुलट तपासलं. तो बिघाड पुन्हा कधीच आला नाही. मात्र एक नक्की — त्या सकाळी स्क्रीन शेअरवर मला पेज पूर्ण दिसलं असतं, तर मी हसून म्हटलं असतं, "काकू, चष्म्याचा नंबर बदलून घ्या," आणि फोन ठेवून दिला असता.

काकू आता बऱ्या आहेत. ऑर्डरी पुन्हा त्याच बघतात. मुलीनं पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला, पण त्या गेल्या नाहीत. परवा मला म्हणाल्या, "पोरी, तू आली म्हणून वाचली मी."

मी कशी गेले, मला कोणी पाठवलं... आभार नेमके कोणाचे मानायचे ते अजून कळलेलं नाही. मानते मात्र रोज.