वरचा की खालचा

पाणीखात्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव चेष्टेत पडलं, पण चेष्टेचं राहिलं नाही. लोखंडी कांडी रस्त्यावर टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालच्या पाइपातून पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं, हे त्याचं काम. पाइपाच्या ओळीतल्या तीन चाव्यांपाशी, म्हणजे व्हॉल्व्हपाशी, ऐकून तो खडूने फुली मारायचा आणि माणसं डोळे मिटून तिथे खोदायची. सव्वीस वर्षं हेच. चुकला तो एकदाच, पण ते एकदाच जन्माला पुरलं.

त्या फुलीवर खोदलेल्या चरात त्याचा जोडीदार गाडला गेला. गळती फुलीखालच्या पाइपात नव्हतीच, खालून माती पोखरली गेली होती, कडा ढासळली. चौकशी झाली, डॉक्टरांनी कान तपासले आणि ऐकू कमी येतं असा दाखला दिला. मग काय, सगळे हळहळले. कानांनीच दगा दिला, त्याला बिचारा काय करणार? जोडीदाराच्या बायकोनेसुद्धा त्याला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. खोटं कशाला बोला, त्या कागदाच्या जिवावरच त्याने अकरा वर्षं काढली.

निवृत्तीनंतर घरात बसून बसून तो पार मिटला, तेव्हा लेकीने त्याला आपला अंतराळाचा गेम लावून दिला. "यात ऐकायचं काही नाही बाबा, नुसतं बघायचं." गेममध्ये लढाया होत्या, व्यापार होता. याला आवडलं ते शोधायचं काम. नकाशावर नसलेल्या जागा हुडकायला यानातून आठ प्रोब, म्हणजे छोटी शोधयंत्रं, सोडायचे. ते चहूबाजूंनी कानोसा घेतात. मग घेर कमी करत त्यांना जवळ आणायचं. सिग्नल शंभर टक्के झाला, की यान तिथे जाऊ शकतं. घाई करून घेर एकदम लहान केला तर हाती आलेला सिग्नलही निसटतो. धीराचं काम, आणि धीर याच्याकडे पोत्याने होता. महिन्याभरात गेममधल्या लेकीच्या गटातली पोरं याला विचारून प्रोब लावू लागली. कितीतरी दिवसांनी तो जेवताना आपणहून बोलला.

एका दुपारी मात्र गाडं अडलं. सिग्नल येई, पण ठिपके दोन दिसत. कितीही घेर आवळा, दोनाचा एक होईना. तासभर डोकं आपटून त्याने लेकीला हाक मारली.

लेकीने नकाशा आडवा फिरवला आणि तिला हसू आलं. "बाबा, सगळे प्रोब एकाच पातळीत मांडलेत. रस्ता आहे का हा? दोन्ही ठिपके बघा, एक वर, एक खाली. एखादा प्रोब वर ठेवा, एखादा खाली. नाहीतर गेमला कसं कळणार, सिग्नल वरचा की खालचा?"

ती सहज बोलून स्वयंपाकघरात गेली. याच्या डोळ्यांपुढे तो फुलीचा रस्ता आला. त्या रस्त्यात नवी पाइप वर होती आणि खाली, तिच्याच रेषेत, जुनी; गळत होती ती जुनी. आवाज तर त्या दिवशी स्वच्छ ऐकू आला होता. नेहमीसारखा एका ओळीत ऐकून, जुना नकाशा न मागवता, तो फुली मारून मोकळा झाला होता. कान चुकलेच नव्हते. चुकला होता तो.

आता झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसता आलं असतं. कोण विचारणार होतं? दोन दिवस तो गप्प बसलाही, पण घास उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जोडीदाराच्या घरी गेला. वहिनी शिलाई मशीनवर गणवेशाच्या बाह्या जोडत होत्या. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "वहिनी, त्या दिवशी माझे कान शाबूत होते. खाली दुसरी पाइप आहे का, ते मी बघितलं नाही. माझ्या आळसाने गेला तो."

वहिनींनी मशीन थांबवली.

"मला माहीत आहे, भावोजी," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी बूट घालताना हे म्हणाले होते, तिथे खाली जुनी पाइप असणार. मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. तर म्हणाले, त्याने फुली मारली आहे ना, मग झालं."

तो खुर्ची ओढून बसला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. तेराव्या दिवशी तुम्ही आलात, तेव्हाच सांगणार होते, चूक तुमच्या एकट्याची नव्हती. पण तुम्ही दारातूनच तो डॉक्टरांचा कागद पुढे केलात."